ओठांतलं सोरुमे

"मिरची घालायला विसरलीस," आई म्हणाली.

मी विसरले नव्हते. माझ्या नाकातून पाणी वाहत होतं, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि मी हाऽ हूऽ करत होते. मिरच्या मीच ठेचल्या होत्या. ठेचताना शाळेच्या स्पर्धेत पहिलं आलेलं माझं भाषण स्वयंपाकघरातल्या भांड्यांना पुन्हा एकदा ऐकवत होते, त्यामुळे हात जरा सैलच सुटला होता. "विसरले? आई, हा रस्सा मेलेल्या माशाला पाजला तर तो उठून खाडीत पळेल," मी म्हटलं. आई हसली. तिने सागूच्या गरम चिकट लगद्यात दोन काड्या फिरवून सिनोंगीचा अजून एक गोळा उचलला, रश्श्यात बुडवला, न चावता गिळला. मग काड्या ताटलीच्या कडेला ठेवल्या आणि बोटाने खालचा ओठ चाचपून पाहिला, दुसऱ्या कुणाचा तरी ओठ आपल्या तोंडावर येऊन बसला असावा तसा. "मग मला का लागत नाही?" ती म्हणाली.

एवढंच झालं. बाहेर केंदारी शहर नेहमीसारखं चाललं होतं. शेजारच्या गाड्यावर केळ्याची भजी तळली जात होती, पुलाकडे जाणाऱ्या मोटारसायकली चढावर कण्हत होत्या, खाडीवरून चिखलाचा नि डिझेलचा मिसळलेला वास येत होता. आणि मी घाबरले. कशामुळे, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला, जिला वर्गात सगळे रेडिओ म्हणतात! गेल्या महिन्यात मी चारशे मुलांसमोर उभं राहून म्हटलं होतं की भीती ही निव्वळ एक सवय आहे, घाणेरड्या सवयी सुटतात तशी ही पण सुटते, आणि टाळ्या थांबेचनात. त्यानंतर मी स्कूटर शिकले. पुलावर मला अडवणाऱ्या पोलिसाशी हुज्जत घालून आले. चालतानासुद्धा हल्ली माझे पाय जमिनीला जरा जास्तच जोरात लागतात असं आई म्हणते. आणि आता एका ओठाला तिखट लागलं नाही, एवढ्यावर मी पुढचा घास उचलत नव्हते.

जेवण अर्धवट टाकून आई पुन्हा खिडकीखालच्या चटईवर जाऊन बसली. मामाच्या मुलाचं, जस्मानचं, लग्न तोंडावर आलंय. मुलीकडच्या घरी आपली माणसं जाणार, मध्यस्थ गुडघ्यावर बसून तीन पेडांचं वेताचं कडं, आमच्याकडची सोयरिकीची खूण, पांढऱ्या कापडावर ठेवणार, आणि कड्याशेजारी पानसुपारीचा डबा. तो डबा वराच्या आत्येने, म्हणजे आईने, विणायचा. आमच्याकडे आत्या आहे तर दुसऱ्या कुणी विणू नये, आणि वराच्या आत्येला सोरुमेची वीण येत नसेल तर लोक वराकडेच जरा संशयाने बघतात. लाकडाच्या डब्यावर सोरुमेच्या झाडाच्या कांडीच्या पट्ट्यांचं विणकाम चढवायचं, सोन्यासारखं पिवळं. सोन्यासारखं म्हणायची पद्धत आहे. खरं तर सोनं त्याच्यापुढे जरा बुळबुळीत दिसतं. सोरुमेचा पिवळा रंग कोरडा असतो, आतून उजेड असल्यासारखा, आणि तो वर्षानुवर्षं उतरत नाही. रंगवलेला नाही ना, तो कांडीचाच रंग. झाडावर असताना कांडी हिरवी असते, अगदी साधी, बोटाएवढी जाड, गवताच्या कुळातली वाटावी अशी. फुलं येतात ती एवढीएवढीशी, फिकट, आली कधी नि गेली कधी. आमच्या शाळेत जीवशास्त्राच्या बाई पडद्यावर मोठमोठी जांभळी ऑर्किडं दाखवत होत्या, तेव्हा मी हात वर करून म्हटलं की आमच्याकडे एक ऑर्किड आहे ज्याच्या फुलाकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याचं दांडकं सुंदर असतं. सगळा वर्ग हसला. बाईंना माझं खरं वाटलं नाही.

आईने कांडीची उभी चिरलेली एक पट्टी उचलली. आतला गर चाकूच्या पाठीने खरवडून झाला होता. तिने पट्टीचं टोक दातांत धरलं, ओठ मिटले आणि पट्टी हळूच ओढून घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत गेली तेव्हा ती ताठ होती, बाहेर आली तेव्हा मऊ. मग टोच्याने भोक पाडून ती आत सारली, आणि दुसरी उचलली. मी जन्मल्यापासून हे बघत आलेय. पाण्यात भिजवलेली पट्टी फुगते, सुकल्यावर सैल पडते. ओल्या फडक्याने पुसलेली मध्येच तडकते. ओठांतून काढलेली तेवढीच ओली होते जेवढी व्हायला हवी, आणि पट्टीत कुठे गाठ आहे, कुठे चीर आहे, ते बोटांच्या आधी जिभेला कळतं. लहानपणी मी तिच्या मांडीला टेकून बसायचे नि ती मला एक एक पट्टी चाखायला द्यायची. ही आंब्यावरची, ही जंगलातल्या जुन्या झाडावरची, ओळख बघू. मी उगाच काहीतरी ठोकून द्यायचे. पण खरंच चव असायची. वाळलेल्या गवताची, पावसात भिजलेल्या सालीची, आणि अगदी शेवटी, कांडीच्या टोकाशी, किंचित गोड.

आजच्या पट्ट्यांना तशी चव नव्हती. दुपारी शाळेतून आल्यावर आईने चार-दोन माझ्या हातात दिल्या होत्या, "बसलीच आहेस तर कर मऊ," म्हणून. मी तोंडात धरल्या, आणि माझ्या मनात आलं की ही चव मला माहीत आहे पण झाडाची नाही. नव्या प्लास्टिकच्या चटईची. झुरळं मारायला फवारतात त्या कपाटाची. काल कोलाकाहून, मामाच्या गावाकडच्या गाडीने, कांड्यांचं पोतं आलं, तेव्हाही तोंड सोडल्याबरोबर वास आला होता आणि मी म्हटलं होतं, "मामाने लग्नाचं अत्तर लावून पाठवलंय." दोघी हसलो होतो. तो विनोद आता माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा वाजत होता, आणि प्रत्येक वेळी कमी विनोदी होत होता.

जंगलातलं सोरुमे मी पाहिलेलं आठवत नाही, आईच्या सांगण्यातून मात्र मला तो डोंगर पाठ आहे. आता तो डोंगर लाल आहे. निकेलच्या खाणीसाठी सोललेला. माझे बाबा निकेलच्या कारखान्यावर कामाला आहेत, दीड-दोन महिन्यांनी घरी येतात, त्यांच्या मोज्यांतून ती लाल माती आमच्या मोरीत येते. झाडं पाडायला यंत्रं आली तेव्हा आई नि आर्दिन मामा, दोघं बहीणभाऊ, पडलेल्या झाडांवरून चढत उतरत सोरुमेची बेटं सोडवत फिरले. जितकी पोत्यात मावली तितकी घेऊन आले आणि मामाच्या बागेत आंब्याच्या खोडांना बांधली. सगळ्यांना वाटलं मरणार. सोरुमे माणसाच्या हाताने जगत नाही असंच सगळे मानत होते. काही मेलीच. मग आईला समजत गेलं. गुळगुळीत सालीवर बांधून उपयोग नाही, मुळं पकड धरत नाहीत. मुळाशी नारळाचा काथ्या ठेवायचा, पण दाबून नाही, त्याला वारा हवा. पूर्वेचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. तारेने आवळायचं नाही, जुन्या सुती कापडाच्या चिंध्यांनी बांधायचं, म्हणजे मुळं धरेपर्यंत चिंधी आपोआप कुजून गळते. कांडीला घाई नसते. कोंब फुटतो, वाढतो, दुसऱ्या वर्षी पानं झडतात, तेव्हा लोकांना वाटतं वाळली, आणि तेव्हाच ती पिकते, हिरव्याची पिवळी होते. पिकलेली तेवढी काढायची, आणि तीही सगळी नाही. मागच्या म्हाताऱ्या कांड्यांवरच नवे कोंब जगतात. "म्हातारीला ओरबाडलंस तर नात उपाशी," आई म्हणायची. आंबे पुरेनात तेव्हा मामाने कोकोच्या बागेत, कोकोला सावली देणाऱ्या झाडांवर बेटं चढवली. खाली कोको, वर सोरुमे. माझे शाळेचे कपडे खालच्याने आले, मामा म्हणतो, आणि घराण्याची अब्रू वरच्याने.

खाली कोको. तिथे माझं मन अडकलं. मागच्या सुट्टीतला मामा मला दिसायला लागला, पाठीवर निळा पंप, तोंडाला शर्टाची बाही गुंडाळलेली, पायात रबरी चपला, एका हाताने दांडा हलवतोय आणि दुसऱ्या हातातल्या नळीतून पांढरं धुकं फळांवर, पानांवर, वर, आणखी वर. मी ओसरीवरून ओरडले होते, "मामा, ढग झालास!" तो नळी माझ्याकडे वळवल्यासारखी करून हसला होता. धुकं वर जायचं, सावलीच्या झाडांतून उन्हाचे खांब उतरलेले असायचे, त्यांच्यात फिरत राहायचं. किती सुंदर दिसत होतं ते. मला आठवतंय, मी मोबाईलवर त्याचं चित्रण करून मैत्रिणींना पाठवलं होतं.

आई आवंढा गिळत होती. एकदा, लगेच पुन्हा. पट्टी ओठांतून ओढली, आवंढा गिळला. मी मागच्या दारी गेले आणि मामाला फोन लावला.

"बोला भाषणवाल्या बाई!" मामा ओरडला. मागे मांडवाची ठोकाठोक चालली होती. "डबा झाला का? का तुझी आई अजून गप्पाच विणतेय?"

"होतोय. मामा, कांड्या कुठल्या झाडावरच्या काढल्यास?"

"कुठल्या म्हणजे? चांगल्या. आंब्यावर लाल मुंग्यांनी घर केलंय, कोण चावून घेणार? कोकोतल्या काढल्या. का, पसंत नाही पडल्या राणीसाहेबांना?"

"कोकोला फवारलं होतंस?"

"मग? न फवारता कोको कुणी खायचा, मी का किडीने?"

"कधी फवारलंस?"

"काढल्या त्याच सकाळी. म्हटलं लग्नाच्या धामधुमीत नंतर कुठे वेळ मिळतोय. आणि ऐक, तुमच्या त्या लाडक्यांनापण वरून खालून चांगली अंघोळ घातली. कोंबांत बारीक किडे दिसले मला. सुकल्या, मग काढल्या. बघ, तुझी आई म्हणते मामाला त्यांची काळजी नाही."

"औषध कोणतं होतं?"

"कोकोचं."

"नाव काय त्याचं, मामा?"

"नाव? ते औषधं विकणाऱ्या रुस्लानला विचार. त्याने पाण्याच्या बाटलीत ओतून दिलं. दोन मिसळलीत म्हणाला, हल्लीची कीड एकाला भीक घालत नाही. पण हे सगळं तुला कशाला? परीक्षेत आलंय का? सोरुमे कोण खातंय?"

सोरुमे कोण खातंय. बरोबरच होतं. म्हणून तर कुणालाच सुचलं नाही, ना मामाला, ना रुस्लानला, ना पोतं उघडून वास घेणाऱ्या आम्हाला. कोको खातात, म्हणून कोको धुतात, वाळवतात, तोडणीच्या आधी फवारणी थांबवतात. आंब्याच्या झाडाला मामा कधी पंप लावत नाही, आंबा खातात म्हणून. सोरुमे कुणी खात नाही. सोरुमे दिवसभर, कांडीमागून कांडी, फक्त आई खाते.

"आई," मी म्हटलं. "आई तोंडात धरते, मामा."

ठोकाठोक चालूच होती. मामाने कुणावर तरी खेकसून ती थांबवली. तो त्याच घरात वाढला, त्यानेही आपल्या आईला तसंच विणताना बघितलं होतं. त्याला मला काही समजावून सांगावं लागलं नाही. "उकळल्या असतील ना तिने?" तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"डब्याच्या नाही उकळत ती. चमक जाते म्हणते."

"फोन तिला दे," मामा म्हणाला. "तिना, तिला दे फोन. दे लवकर."

आईने फोन कानाला लावला, पट्टी अजून दातांतच होती. ती बाजूला काढून ऐकत राहिली. मामा काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं, नुसता एक बारीक, न थांबणारा आवाज. आईचा चेहरा बदलला नाही. "बरं," ती म्हणाली. "बरं. अरे, गप. रडतोस काय बायकांसारखा, वरबाप आहेस. रुस्लानला म्हणावं, औषध बनावट आहे तुझं, माझी बहीण अजून बडबडतेय." आणि तिने फोन माझ्याकडे दिला आणि दुसऱ्या हाताने, सवयीने, पुढची पट्टी उचलली. मी ती हिसकावून घेतली.

मग मी तिला चुळा भरायला लावल्या. मोरीपर्यंत धरून नेलं, साबणाने हात धुवायला लावले, तिचे ओठ माझ्या ओल्या बोटांनी पुसले. लहानपणी माझं तोंड ती जशी पुसायची. "पुरे गं, कातडं काढशील," ती म्हणाली. मोरीतल्या पाण्यात लाळेची लांब तार लोंबली, तुटेचना. आई तिच्याकडे जराशी ओशाळून बघत राहिली. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, हो, जाऊ की, डबा झाला की जाऊ. मी म्हटलं, आत्ता. ती परत चटईवर जाऊन बसली आणि पदर सावरावा तसा तिने डोक्यावरचा रुमाल सावरला.

"हे बघ, भाषण करू नकोस. दवाखान्यात गेलं की विचारतात काय खाल्लं, कुणी दिलं. तिथली परिचारिका मुलीकडच्यांची नातेवाईक आहे, तुला माहीत नाही? रात्रीपर्यंत तिकडे पोचेल. आर्दिनने बहिणीला विष पाजलं. लग्नाच्या तोंडावर. ते लोक कडं परत पाठवतील, तिना. कडं एकदा परत गेलं की जस्मानचं काय? आणि आर्दिनचं? तो माणूस मग बागेत फवारायचं औषध कुठे फवारील सांगता येत नाही."

"आणि तुझं काय?"

"मला काय झालंय? ओठ बधिर झालेत. गेल्या वर्षी दात काढला तेव्हा पण झाले होते."

मी तिच्या समोर बसले. खिडकीतला उजेड कमी होत चालला होता आणि आईच्या डोळ्यांतल्या बाहुल्या लहान झाल्या होत्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या. अंधारात बाहुली मोठी होते हे मला ठाऊक आहे, मांजराचीसुद्धा होते, आणि आईचे डोळे भर दुपारी उन्हात उभं राहिल्यासारखे दिसत होते, जणू तिला समोर काहीतरी झगझगीत दिसतंय जे मला दिसत नाही. पंखा चालू होता तरी वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. मी मोबाईलवर वाचायला लागले. लाळ. घाम. लहान बाहुल्या. मळमळ. मग स्नायू आपोआप उडायला लागतात. मग श्वास. पुढचं मी वाचलं नाही, आणि न वाचलेलंच डोळ्यांसमोर येत राहिलं. माझ्या स्वतःच्या तोंडात लाळ जमायला लागली. मी गिळली, पुन्हा जमली. माझे ओठ मुंग्या आल्यासारखे झाले. हे खरंच होत होतं का वाचल्यामुळे होत होतं? दुपारी मी किती पट्ट्या धरल्या होत्या? चार? सहा? जीभ टाळूला लावून बघितली, दात चावून बघितले, आणि मग मला काही कळेनासं झालं, माझी जीभ म्हणजे तोंडात कुणी ठेवून गेलेली एखादी वस्तू वाटायला लागली. बाहेर भजीवाला कुणाशी तरी खिदळत होता. इतक्या जवळ, भिंतीपलीकडे, सगळ्यांची तोंडं आपापल्या जागी होती.

बाबांना फोन लावला. पाळीवर असताना फोन कपाटात ठेवून घेतात, मला माहीत होतं, तरी लावला. वाजत राहिला. मला वाटलं भिंती ठोकाव्यात, सगळ्या गल्लीला बोलवावं, मला तर आवाज आहे, माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो म्हणून तर बक्षीस मिळालं. पण गल्लीला काय सांगणार? मामाचं नाव सांगणार? आईच्या त्या एका वाक्याने माझं तोंड शिवून टाकलं होतं, आणि शिवलेल्या तोंडाने मी बघत होते की आई टोच्या हातात घेतेय, डबा मांडीवर घेतेय, आणि मी हिसकावून बाजूला टाकलेल्या पट्टीकडे तिचा हात पुन्हा जातोय. ती मला वेडावत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की विणलं की सगळं ठीक होईल. आमच्या घरात आजवर सगळं तसंच ठीक झालेलं आहे.

"ठीक आहे," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "मग दोघी मिळून करू. लवकर संपेल."

गठ्ठ्यातली सगळ्यात लांब पट्टी मी उचलली. किती चमकत होती ती! खिडकीतून येणारा उरलासुरला उजेड सगळा तिच्यात गोळा झाला होता. मी ती आईच्या डोळ्यांसमोर धरली, मग टोक दातांत धरलं आणि ओठ मिटले. कडू. प्लास्टिकची, झुरळांच्या कपाटाची ती चव, आणि तिच्याखाली, खूप खाली, माझ्या लहानपणची वाळक्या गवताची. मी पट्टी ओढली नाही. नुसती धरून बसले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"थुंक," आई म्हणाली.

मी मान हलवली.

"हार्तिना, थुंक म्हणते ना! मेले, तुला काय जीव नकोसा झालाय?" तिने पट्टी धरायला हात पुढे केला, आणि तिचा हात चुकला. पट्टीच्या बाजूने, माझ्या गालाजवळून, हवेतून गेला. केसाएवढ्या भोकात न बघता पट्टी सारणारा हात. ती थांबली. पुन्हा हात नेला, आणि त्याचा अंगठा आपोआप थडथड उडत होता, टोपलीतल्या माशासारखा. आम्ही दोघी त्या अंगठ्याकडे बघत होतो. मी पट्टी थुंकून टाकली. मला वाटतं माझ्या दातांतून ती आपोआपच पडली.

"स्कूटर काढ," आई म्हणाली.

बाहेर पडताना तिने डब्यावर फडकं टाकलं, पंखा बंद केला, भजीवाल्याला "येते हं, पोरीला कापडं घ्यायची आहेत" असं सांगितलं, आणि माझ्या मागे बसून दोन्ही हात माझ्या कमरेभोवती असे घट्ट आवळले की मला श्वास घेता येईना आणि मला ते आवडलं. ती आवळत असेल तोवर ठीक आहे. मी चढ चढले, वळण घेतलं, पुलाच्या रस्त्याला लागले. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर होती. खांदा ओला होत होता. मी ठरवलं की तिला बोलतं ठेवायचं, आणि नेमकं तेव्हा मला एकही शब्द सुचेना. तिलाच सुचला.

"झाकणाचे कोपरे राहिलेत," ती कानाशी म्हणाली. शब्द जड, एकमेकांना चिकटलेले, सिनोंगीसारखे. "कोपऱ्यावर पट्टी दुमडायची नाही. दुमडली की मोडते. पीळ द्यायचा. अर्धा पीळ, उजवीकडे, आणि मग खालून घ्यायची."

"नको सांगू," मी म्हटलं. कोपरे ती मला कधीच शिकवत नव्हती. कोपरे लग्न झाल्यावर, म्हणायची, आधी सरळ रेघेत चालायला शीक. "नको सांगू मला. तूच करशील ते."

"गप. गाडी चालव. आंब्यावरच्या कांड्या आणायच्या, मुंग्या चावल्या तर चावू देत. या सगळ्या जाळायच्या. पुरायच्या नाहीत, जाळायच्या, आणि धुराच्या बाजूला उभं राहायचं नाही. मऊ करायला वाटीत पाणी घे. चमक जाईल थोडी. जाऊ दे. डॉक्टरला मामाचं नाव सांग, बाटलीचं सांग, सगळं सांग. मी सांगेन असं मला वाटत नाही, मी तिथे गेले की पुन्हा नाही म्हणेन. तू सांग. तुला बोलता येतं."

"आई, पुरे!"

"चौथ्या कोपऱ्यावर," ती म्हणाली, "टोक आत लपवताना..."

आम्ही पुलावर चढलो होतो. खाडीवरून वारा आडवा येत होता, खाली बोटींचे दिवे लागत होते, आणि वारा तिचे शब्द तोंडातल्या तोंडात तोडून नेत होता. टोक आत लपवताना काय, ते मला ऐकू आलं नाही. मी गाडी हळू केली. दवाखाना पुलाच्या पलीकडे होता, क्षणाक्षणाला किंमत होती, आणि मी, ऐकू यावं म्हणून, गाडी हळू केली. मग माझं मलाच ते कळलं. मी मूठ पिळली, गाडी उसळली, आईचे हात कमरेवरून निसटल्यासारखे झाले, मी एका हाताने ते दोन्ही पकडून पोटाशी दाबले आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून वाऱ्यात ओरडले,

"मोठ्याने बोल, आई! टोक आत लपवताना काय? मोठ्याने बोल!"